एक मीटर मोकळी जागा

विजेच्या मेन पॅनेलच्या हँडलवर ओला टॉवेल वाळत घातला होता.

मीटरबाई दारातच थांबल्या. रबरी चटईच्या कडेला चपलांचे दोन जोड होते, एक पुरुषाचा, एक बाईचा, अगदी ओळीत लावलेले. भिंतीशी अंथरुणाची गुंडाळी होती. आग विझवायला ठेवलेल्या वाळूच्या बादल्यांवर फळी टाकून मांडणी केली होती आणि तिच्यावर भांडी घासूनपुसून पालथी घातली होती. शॉक लागलेल्या माणसाला काय करावे हे सांगणारा तक्ता ज्या खिळ्याला टांगायचा, त्या खिळ्याला आरसा लटकत होता. आणि या सगळ्याच्या मधोमध, पॅनेलला पाठ टेकून, वॉचमनची बायको भाजी चिरत बसली होती.

"या ना मॅडम," ती म्हणाली आणि बसायला जागा म्हणून अंथरुणावर हात थोपटला.

पुढच्या आठवड्यात या तीनमजली प्रसूतिगृहाचे दार उघडणार होते. विजेचा आराखडा मीटरबाईंचा. वायर कुठून जाईल, बटण कुठे येईल, जमिनीत अर्थिंगचा खड्डा कुठे खणायचा, हे सगळे त्यांनी कागदावर ठरवलेले. आता शेवटची फेरी मारून त्यांनी 'ठीक आहे' म्हटले की पॅनेलमध्ये वीज सोडायची.

त्यांचे खरे नाव ऑफिसातही पगाराच्या दिवशीच कुणाला आठवायचे. नव्या माणसाला वाटे, या विजेच्या मीटरचे काम बघत असतील. पण नाव पडले होते ते दुसऱ्याच मीटरमुळे. पॅनेलच्या पुढे किमान एक मीटर जागा मोकळी हवी, असा नियम आहे आणि त्या एका मीटरसाठी बाई कुणाशीही भांडत. बिल्डर म्हणे, मॅडम, एवढ्यात एक स्कूटर मावते. आर्किटेक्ट म्हणे, कपाट फक्त हातभर पुढे येतंय. बाई पर्समधून टेप काढत आणि जमिनीवर टाकून दाखवत. एकदा एका इमारतीच्या मालकाने तिथे मोडक्या खुर्च्यांचा डोंगर रचला होता, तेव्हा त्या स्वतः पदर खोचून खुर्च्या बाहेर काढायला लागल्या होत्या. मालक शरमला की घाबरला, कोण जाणे, पण जागा मोकळी झाली.

पॅनेलच्या मागच्या जागेचाही नियम होता आणि तो त्यांचा विशेष आवडता. मागे एक तर वीतभरच जागा ठेवा, नाही तर माणूस सरळ चालत जाईल एवढी ठेवा. अधलेमधले काही चालणार नाही. अधल्यामधल्या जागेत माणूस अंग चोरून घुसतो आणि मग त्याला धड पुढे जाता येत नाही की मागे येता येत नाही. हा नियम ज्याने कुणी लिहिला त्याला माणसाची जात पुरती ठाऊक होती, असे बाईंचे मत होते.

एरवी त्या समाधानी बाई होत्या. त्यांचे काम नीट झाले तर काहीच घडत नसे, आणि काही घडले नाही म्हणून कुणी पाठ थोपटायला येत नसे. त्याचे त्यांना काही वाटत नसे. बसमधून जाताना एखाद्या इमारतीच्या खिडक्यांत दिवे दिसले की त्या मनाशी म्हणत, चला, सगळे आपापल्या घरी सुखरूप आहेत. तेवढे त्यांना पुरे.

पण आज त्यांच्यापुढे मोडक्या खुर्च्या नव्हत्या. एक संसार होता.

तेवढ्यात वॉचमन आला. उंच, किडकिडीत, बोलताना थोडा वाकणारा माणूस. त्याने बायकोकडे आणि मग टॉवेलकडे पाहिले आणि टॉवेल पटकन काढून खांद्यावर टाकला. हा उपाय पुरेसा आहे अशी त्याची समजूत होती.

"इथं राहता नाही येणार," मीटरबाई म्हणाल्या.

"डॉक्टरांनीच दिलीय जागा," बायको म्हणाली. चिरण्याचा आवाज थांबला होता.

बाईंनी समजावून सांगितले. कधी ठिणगी उडाली, धूर झाला, तर वीज बंद करायला कुणीतरी अंधारात इथे धावत येणार. त्याच्या पायात हे अंथरूण येणार. आणि ज्या बाजूला तुमची डोकी असतील, त्याच बाजूला पॅनेलचे दार उघडते. वॉचमनने शांतपणे ऐकून घेतले आणि किती जागा सोडायची ते विचारले. बाईंनी टेप टाकला. त्याने टेपच्या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर नजरेने मोजले आणि त्याचा चेहरा उजळला.

"उरतेय की हातभर! आम्ही भिंतीला चिकटून झोपू, मॅडम. अंग चोरून राहायची सवय आहे आम्हाला."

मीटरबाईंनी टेप गुंडाळून घेतला. आवडता नियम असा समोर उभा राहील आणि वर हसेल, हे त्यांनी कधी मनात आणले नव्हते.

मग बायको बोलली, आणि तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती हेच बाईंना जास्त लागले. लग्न झाल्यापासून ती दोघे इमारतींवरच राहत आली होती. कधी जिन्याखाली, कधी सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला, कधी नुसत्या पत्र्याखाली. भिंतींना पाणी मारायचे, राखण करायची आणि इमारत पुरी होऊन रंग वाळला की गाठोडे उचलायचे. "राहायला माणसं आली की आम्ही निघतो," ती म्हणाली. "या इमारतीत पहिल्यांदा कुणीतरी राहा म्हणालं."

बाईंनी ऑफिसात साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, तू तुझं म्हणणं डॉक्टरांच्या कानावर घाल आणि मोकळी हो, पुढचं ते बघतील. सांगणे बरोबरच होते. पण डॉक्टर पुढचे कसे बघतील, हेही बाईंना दिसत होते. माणूस चांगला होता, पण उद्घाटन तोंडावर आले होते, आणि घाईत चांगला माणूसही सोपा रस्ता धरतो. नवराबायकोला जा म्हणणे सगळ्यात सोपे होते. खोली नियमाने मोकळी झाली असती आणि बाईंचा एक मीटर त्यांना मिळाला असता.

"उद्या येते," एवढेच सांगून त्या निघाल्या.

घरी त्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशाची गुंडाळी पसरली आणि चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवत. घरात येणारी कुठलीही वस्तू ते परत बाहेर जाऊ देत नसत. रिकामे डबे, तुटक्या चौकटी, एकच चाक असलेली सायकल, सगळ्यावर त्यांचे एकच उत्तर ठरलेले: लागेल कधीतरी. ती सायकल तर जिन्याखाली घरच्याच मीटरपुढे उभी होती. सासूबाई येताजाता म्हणत, साऱ्या गावाला उजेड आणि दिव्याखाली अंधार. त्यावर मुलगा आणि सून दोघेही ऐकू न आल्यासारखे करत. या एका बाबतीत त्यांचे कमालीचे एकमत होते.

"आज भांडायला कोण मिळालं नाही वाटतं," सासूबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या. "तोंड उतरलंय."

बाईंनी सगळे सांगितले. सासूबाईंनी अख्खे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, नियम तुझा खरा आणि ती बाईही खरी. आता तूच बघ. यजमान चष्मा कपाळावर चढवून नकाशावर वाकले. त्यांना त्यातले ओ का ठो कळत नसे, पण रेघा चांगल्या ओढल्यात एवढे कळे. फिरत फिरत त्यांचे बोट गच्चीवर पोचले.

"हा चौकोन कसला? यात तू काहीच काढलं नाहीस."

लिफ्टच्या यंत्राची खोली होती ती. नंतर लिफ्ट बदलली, नव्या लिफ्टचे यंत्र ती वरखाली जाते त्या पोकळीतच बसले, पण खोली तोवर बांधून झाली होती. आर्किटेक्ट म्हणाला होता, असू द्या, लागेल कधीतरी. खिडकी होती, दार होते, शेजारी रंगाऱ्यांसाठी केलेली मोरी आणि नळ होता. दिवा तेवढा नव्हता. यंत्रच नाही तर दिवा कुणासाठी, म्हणून खुद्द मीटरबाईंनीच तो काढून टाकला होता.

मीटरबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. आपल्या हातून काय झाले ते यजमानांना कळले नाही, पण बायको खूश झालेली दिसली, तेव्हा त्यांनी तेवढ्यात आणखी एक पोळी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आधी कुरकुरले. वरच्या खोलीत त्यांना जुन्या दवाखान्यातले सामान ठेवायचे होते. शिवाय वॉचमन गच्चीवर झोपला तर फाटक कोण उघडणार? रात्रीबेरात्री अडलेली बाई येईल, ती काय वर बघून हाका मारणार? बाईंनी रात्रीच काढलेली रेघ दाखवली. फाटकापासून वरच्या खोलीपर्यंत घंटेची वायर, रिकाम्या पाइपातून, भिंत न फोडता. डॉक्टर रेघेकडे बघत राहिले.

"आणि समजा, मी नाही म्हटलं तर?"

"तर खाली माणसं झोपलेली असताना मी वीज सोडू देणार नाही. आणि त्यांना नुसतं बाहेर काढलंत तर जागा नियमाने मोकळी होईल. मग मला अडवता येणार नाही, पण चैनही पडणार नाही," मीटरबाई म्हणाल्या. "डॉक्टर, सामानाला उजेड लागत नाही. माणसाला लागतो."

डॉक्टरांनी कपाळ चोळले. मग हसले आणि म्हणाले, करा.

त्याच दुपारी मीटरबाई, वॉचमन आणि त्याची बायको गच्चीवर गेली. खोली लहानच होती, पण चारी भिंती कोरड्या होत्या आणि खिडकीतून वारा येत होता. बाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि वॉचमनच्या बायकोला विचारले, "दिव्याचं बटण कुठं हवं?"

तिला प्रश्नच कळला नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले. आजवर जिथे कुठे लोंबती वायर असे, तिथे तिचा दिवा असे. मग ती दाराबाहेर गेली, दोन्ही हातांत भांडी धरल्यासारखे करून आत आली आणि भिंतीला कोपर टेकवून उभी राहिली.

"इथं," ती म्हणाली. "नळावरून आले की हात भरलेले असतात. कोपरानं लागायला पाहिजे."

मीटरबाई भिंतीजवळ वाकल्या. बटण किती उंचीवर बसवायचे, याचा ऑफिसात एक आकडा ठरलेला होता. तो आकडा त्यांनी शाळांना, बँकांना, न पाहिलेल्या माणसांच्या घरांना वर्षानुवर्षे घातला होता. तो चूकही नव्हता. पण असे कोपर टेकवून कुणी दाखवले नव्हते, कारण असे कुणाला विचारलेच नव्हते. त्यांनी कोपराशी पेन्सिलने फुली केली. त्यांना फार म्हणजे फारच आनंद झाला होता.

मग त्यांनी हिशेबात पंखा धरला, घंटा धरली आणि मोरीपासून लांबच्या भिंतीवर अर्थिंगसह एक तीन पिनांचा प्लग धरला.

"प्लग कशाला?" बायको म्हणाली. "आमच्याकडे लावायला काय आहे?"

"लागेल कधीतरी," मीटरबाई म्हणाल्या आणि आपण कुणाचे वाक्य बोललो ते ध्यानात येऊन स्वतःशीच हसल्या.

दवाखाना ठरल्या दिवशी सुरू झाला. काही घडले नाही. बाळे तेवढी जन्मत राहिली. मीटरबाईंच्या घरी एका रविवारी एकचाकी सायकल जिन्याखालून मुकाट्याने हलली आणि पलंगाखाली गेली. सासूबाईंनी दोनदा वाकून बघितले, पण बोलल्या काही नाहीत, एवढा त्यांना धक्का बसला होता.

काही महिन्यांनी तपासणीसाठी बाई पुन्हा तिथे गेल्या. पॅनेलरूमच्या बोळात वळल्या आणि बोलणे कानावर आले म्हणून थबकल्या. वॉर्डबॉय एक मोडकी लोखंडी खाट ढकलत आणत होता. पॅनेलरूमच्या दारात वॉचमन उभा होता. या वेळी वाकलेला नव्हता, सरळ उभा होता.

"परत ने," तो म्हणाला.

वॉर्डबॉयने त्याला सांगितले, डॉक्टरांनीच पाठवली आहे, दोनच दिवसांचा प्रश्न आहे, आणि आत एवढी जागा तर नुसती पडून आहे.

"पडून नाही, ठेवलीय," वॉचमन म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही. "इथून मी माझा संसार उचललाय. तू खाट काय घेऊन आलास?"

वॉर्डबॉयने खाट वळवली. मग खाटेची चाके करकरत आल्या वाटेने परत गेली. मीटरबाईंनी भिंतीशी सरकून तिला वाट दिली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तपासणीला आलेल्या माणसाने असे करू नये म्हणून त्यांनी पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखे केले.

आत फरशी लख्ख होती. बादल्यांत वाळू होती, चटई झाडलेली होती, खिळ्यावर तक्ता होता. पॅनेलपुढे पिवळ्या रंगाची एक रेघ ओढलेली होती, थोडी वाकडी, हाताने ओढलेली. बाईंच्या हाताला पर्समध्ये टेप लागला. त्यांनी तो तिथेच राहू दिला.

काम आटोपून त्या फाटकाबाहेर पडल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. बसथांब्याकडे वळताना त्यांनी सवयीने मागे पाहिले. खालचे मजले उजळलेले होते, वर गच्चीवरची खिडकी तेवढी काळी होती. मग वरून नळाशी भांडी वाजल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने तीही खिडकी उजळली. हात भरलेले असणार, मीटरबाई मनाशी म्हणाल्या आणि बस पकडायला निघाल्या.