गंज न चढणारी पक्कड

हेडक्लार्कांना खिशात बाळगायला पक्कड, सुरी, स्क्रू-ड्रायव्हर असं सगळं एकात असलेलं हत्यार हवं होतं. पण गंज चढता कामा नये. म्हणून त्यांनी तीन कंपन्यांची तीन आणली आणि महिनाभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली.

तिकडे स्वयंपाकघरातला नळ गळत होता. "अहो, तो नट आवळा ना!" बायको म्हणाली.

"परीक्षा चालू आहे!"

"घाला भिजत घोंगडं!"

महिन्याने तिन्ही हत्यारं चकचकीत निघाली. साहेब छाती फुगवून नळाकडे गेले, तर नटच गंजून घट्ट बसलेला. तिन्ही हत्यारांनी हात टेकले. शेवटी प्लंबर आला आणि त्याने आपल्या पकडीने एका हिसक्यात नट फिरवला.

"अरे, ही तर पार गंजलीय!" साहेब फणकारले.

"गंजणारच. ती पाण्यात कामाला जाते, साहेब, पोहायला नाही."