मुलुंडसाठी जुना तक्ता

विषय : नागरिकशास्त्र, इयत्ता सहावी.
घटक : गावाचा कारभार.

जून १९५७. शाळा मुलुंडची, कुंदाबाई घाटकोपरच्या. आज हेडमास्तर मागच्या बाकावर बसून पाठ पाहणार, आणि बाईंची नोकरी कायम व्हायची की नाही, ते त्यावर ठरणार.

साहित्य : तक्ता, एक.

तो वनमालेचा. दर रविवारी आठ-दहा शिक्षक घाटकोपरला जमत, एकमेकांना पाठांच्या युक्त्या सांगत. अंधेरीच्या शाळेतल्या वनमालेनं काल तक्त्यावरची धूळ झटकली. "सरपंच, पंच, चावडी, सगळं आहे बघ. पन्नास साली अंधेरी मुंबईत गेली, तेव्हापासून हा माळ्यावर पडलाय. तुझ्या खेड्याला चालेल."

"मुलुंड खेडं नाही गं!"

"बरं बाई, लंडन. पण तक्ता ने."

प्रस्तावना :

कुंदानं तक्ता टांगला, छडी फेटेवाल्या सरपंचावर टेकवली. "हे कोण?"

सुगंधा नावाची मुलगी ताडकन उठली. "बाई, आपल्याकडे सरपंच कुठाय? फेब्रुवारीपासून आपण मुंबईत ना!"

वर्ग फिदीफिदी हसला.

विवेचन :

(इथून पुढे टाचण निरुपयोगी.)

कुंदानं छडी खाली घेतली. वनमालेवर काय रागवायचं? आपण तरी रोज इथं येतो, आणि मनात मुलुंडला खेडंच समजतो. तिनं तक्ता उतरवून भिंतीला उभा केला.

"मग शाळेपुढे रस्त्यावर दिवा हवा असेल, तर अर्ज कुणाला करायचा?"

"मुंबईला!"

"एवढ्या मुंबईत कुणाला?"

"महापौरांना!"

"हट्! ते काय शिडी घेऊन येणारेत?" मागून एक मुलगा ओरडला.

"बाई, तुम्हीच सांगा ना."

"मला इथलं ठाऊक नाही," कुंदा म्हणाली. म्हणताना नोकरी हातची निसटल्यासारखी वाटली. आता लपवायचं तरी काय? "सर, आपल्याला?"

हेडमास्तर खाकरले. "नक्की असं… नाही."

मग काय, वर्गाला ऊत आला. आज अर्ज लिहायचा, उद्या चौघांनी पालिकेची नवी कचेरी शोधायची, सापडेल त्या साहेबाच्या हातात द्यायचा. सुगंधा मायना सांगत होती, कुंदा फळ्यावर लिहीत होती, आणि 'कृपावंत' शब्दावर दोन बाकांचं भांडण जुंपलं होतं. घंटा झाली, कुणी उठलं नाही.

शेरा :

पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. मुलांना घंटेनंतर हाकलावे लागले. बाईंना कायम करावे. अर्जावर माझीही सही घ्यावी.