बरा दिसू नकोस

रुग्ण स्वतःचे कपडे स्वतः घालतो का?

घालतो. घालतो काय, इस्त्री करून घालतो, शर्ट आत खोचतो आणि पट्ट्याचं बक्कल सरळ बसलंय ना, ते आरशात दोनदा बघतो. इंद्रपुरीच्या त्या गल्लीत एवढा टापटिपीचा माणूस दुसरा नव्हता, आणि रेवतीनं धसका घेतला होता तो नेमका याचाच.

"नीळू, बोर्डाच्या दिवशी हा शर्ट नको. तो कॉलर फाटलेला घाल."

"बोर्डासमोर फाटका?" नीळकंठ हसला. "ताई, डॉक्टर लोक असतात तिथं."

नीळकंठ तिचा धाकटा भाऊ, चाळिशीला टेकलेला. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच. रेवती घरी शिकवण्या घ्यायची आणि नीळकंठच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टर हे सगळं सरकारी अनुदानावर चालायचं. गंभीर मानसिक आजार असलेल्या, पण इस्पितळात न राहता घरी राहून उपचार घेणाऱ्यांसाठी असतं ते. वर्षातून एकदा रुग्णाला डॉक्टरांच्या बोर्डासमोर न्यायचं. बोर्ड छापील फॉर्मवरचे चार प्रश्न हिंदीत विचारतं आणि अनुदान पुढे चालू राहतं.

किंवा राहत नाही. शेजारच्या कांचनवहिनींच्या पिंकीचं राहिलं नव्हतं.

"आमच्या पिंकीनं काय केलं?" कांचनवहिनी गॅलरीतूनच सांगायच्या. माहेर उज्जैनचं, बोलणं अर्धं हिंदी. "छान वेणी घातली, मॅडमना नमस्ते केलं. 'कैसी हो बेटा' विचारलं तर म्हणाली, बढ़िया. झालं. 'अब तो ठीक है' म्हणून अनुदान काटलं. आता बघताय ना, बादलीशी भांडत बसते. तिथं बरं दिसायचं नसतं, रेवतीताई. आजारी माणसानं आजारी दिसावं, एवढीच त्यांची अपेक्षा."

रुग्णाला प्रश्न समजतात का?

"तुमचं नाव काय?" रेवतीनं चष्मा नाकावर ओढून बोर्डाच्या मॅडमचा आवाज काढला.

"नीळकंठ."

"लगेच नाही सांगायचं. खाली बघ. जरा वेळ जाऊ दे."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "स्वतःचं नाव विसरतं का कुणी? मी अगदी वाईट होतो तेव्हाही मला माझं नाव पाठ होतं, ताई. ओळखत नव्हतो तो तुला."

खरं होतं. त्या काळात त्याची पक्की खात्री होती, की रेवतीला कुणीतरी पळवलंय आणि तिच्यासारखी दिसणारी बाई घरात आणून बसवलीय. तो तिला अहो-जाहो करायचा, तिच्या हातचं खायचा नाही, आणि अगदी सभ्यपणे विचारायचा, माझ्या ताईला तुम्ही कुठं ठेवलंय? पुढे गोळ्या लागू पडल्या. एका दुपारी तो ताटावर बसला आणि म्हणाला, ताई, वरणात मीठ कमी आहे. रेवती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

"आणि कामाचं विचारलं तर?"

"सांगीन. अशोका गार्डनच्या दुकानात मिक्सर दुरुस्त करतो. मालक खूश आहेत."

"ते तर मुळीच बोलायचं नाही. घरी बसून असतो म्हण."

नीळकंठचा चेहरा उतरला. "मला नाही जमत, ताई. तेव्हा ते सोंग नव्हतं. आता सोंग कुठून आणू?"

औषधे नियमित दिली जातात का?

डबी तीच, तांब्या तोच. फक्त गोळी वेगळी. रेवतीनं स्वतःची कॅल्शियमची गोळी मोडून त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्यानं ती न बघता तोंडात टाकली. तिच्या हातून आलेलं काही बघून घ्यायचं असतं, हे तो विसरला होता. इतका बरा झाला होता.

थोडासा बिघडू दे, एवढंच तिच्या मनात. बोर्ड झालं की पुन्हा सुरू. दूध जरा नासू द्यावं, मग परत त्याचं दूध करावं, असं काहीसं ते शहाणपण.

आधी काहीच झालं नाही. मग झोप गेली. मग दुकानातल्या मिक्सरच्या मोटारी त्याला नावानं हाका मारू लागल्या, आणि मालकांनी त्याला रिक्षात बसवून घरी पाठवला. दाढी वाढली. इस्त्री कपाटावर गेली.

बोर्ड दोन दिवसांवर आलेलं असताना रेवतीनं त्याच्यापुढं पोह्यांची बशी ठेवली. त्यानं ती अलगद बाजूला सारली.

"तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

तुम्ही.

आणि रेवतीला, देवाशपथ, हायसं वाटलं.

"आता कसा बराबर दिसतोय," कांचनवहिनी म्हणाल्या.

रुग्णासोबत कोण आले आहे?

टेबलामागं तिघं. मधल्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"ये कौन हैं आपके साथ?"

"पता नहीं," नीळकंठ म्हणाला. "मेरी दीदी जैसी दिखती हैं."

"दीदी ही तो हैं."

"नहीं मैडम. दीदी मुझे दवा देती थीं. ये गोली बदल देती हैं."

आता संपलं, असं रेवतीला वाटलं. पण मॅडमनी मान डोलावली, समजुतीनं, आणि शेजारच्या तरुण डॉक्टरला हळूच म्हणाल्या, "शक. खाने पर भी होगा, पूछिए."

"घर का खाना खाते हैं?"

"इनके हाथ का नहीं."

तरुण डॉक्टरनं लिहून घेतलं. पाठ झालेला धडा बरोबर आल्यासारखा त्याचा चेहरा होता.

"दवा रोज़ दे रही हैं न?" मॅडमनी रेवतीला विचारलं.

"जी," रेवती म्हणाली. तालीम एकटीचीच पक्की झाली होती.

"फिर भी ये हाल है. मतलब दवा काम नहीं कर रही. घर पर इलाज नहीं चलेगा, भरती करना होगा. आज ही."

"और अनुदान?"

"वो तो घर पर इलाज वालों का है, बहनजी. इनका बंद."

पालकाला काही सांगायचे आहे का?

हा प्रश्न कुणी विचारला नाही. रेवती उठून उभी राहिली ती आपणहून.

"मैडम, ये सच बोल रहा है. गोली मैंने ही बदली थी. बोर्ड के लिए. कि बीमार दिखे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भरती का नाम सुनते ही सब यही कहते हैं. अभी आपसे पहले एक माताजी यही बोलकर रो रही थीं."

"मेरी कसम मैडम, सच है. गोली शुरू करूँगी तो ठीक हो जाएगा. मिक्सर सुधारता है ये, नौकरी करता है."

तरुण डॉक्टरनं नीळकंठकडे पाहिलं. फाटकी कॉलर, तोंडाला सुटलेला वास, एकमेकींत घट्ट अडकवलेली बोटं. त्यानं ओठ आवळले, हसू नये म्हणून.

"चलिए, मान लिया," मॅडम म्हणाल्या. "अगर सच है, तो इन्हें आपके साथ घर कैसे भेज दूँ?"

त्यांनी भरतीचा कागद रेवतीपुढे सरकवला.

सही

केली तिनं. नातं : बहीण. नीळकंठनं हरकत घेतली, या बाईंची सही चालणार नाही म्हणाला. ती हरकतही कुणीतरी लिहून घेतली.

वॉर्डातला माणूस त्याला दंडाला धरून निघाला तेव्हा तो मुकाट्यानं गेला, सुटका झाल्यासारखा. दाराशी मात्र थांबला, वळला आणि रेवतीजवळ परत आला. आवाज खाली आणून बोलला, चारचौघांत कुणाला खजील करू नये तसा.

"हे बघा, मी तुमची तक्रार केली, राग मानू नका. तुम्हालाही कुणीतरी सांगितलंच असेल. पण माझी ताई येईल मला शोधत. भोळी आहे ती, हे बोर्ड-बिर्ड तिला कळत नाही. सांगाल तिला, मी इथं आहे म्हणून?"

"सांगते," रेवती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

"आणि म्हणावं, गोळ्या घेऊन ये. दुसऱ्या कुणाच्या हातून मी घेणार नाही."