एका दोऱ्याची टाचणी

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. खडूचा नव्हे, टाचण्या खोचायचा. खोपटजवळच्या एका कॉलेजच्या कँटीनबाहेर मला टांगले आहे. आज उसळपाव मिळणार नाही, एवढेच शहाणपण आता माझ्या अंगावर असते.

पूर्वी मी याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांचा नकाशा माझ्यावर होता. एक टाचणी म्हणजे एक प्रथिन. दोन प्रथिने मिळून काम करतात असे कुणी शोधले की त्यांच्यात लाल दोरा. आजार एकाच टाचणीत दडून बसत नाही, दोऱ्यांवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातो, हे मुले माझ्याकडे बघून शिकत. टोचून घेण्याचे मला कधी दुःख वाटले नाही.

ठाकुर्लीची मृणाल तिथे संशोधन करायची. तिच्या धाकट्या भावाचे, राजरत्नचे, स्नायू दुबळे होत चालले होते. त्याच्या ज्या प्रथिनात बिघाड होता, त्याची टाचणी माझ्या खालच्या कोपऱ्यात होती. तिला एकच दोरा होता. दुसरा सापडला तर औषधाची वाट दिसेल, या आशेवर मृणाल राबत होती.

मग कोणत्या संशोधनाला पैसे द्यायचे हे ठरवणारी तपासणी समिती येणार असे कळले. पाहुणे येणार म्हटले की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो, तसेच झाले.

"एकेक दोऱ्याच्या टाचण्या काढून टाका रे," प्रयोगशाळेचे प्रमुख विनीत सर म्हणाले. "उगाच गिचमिड दिसतेय."

"सर, ही राहू दे ना," मृणाल म्हणाली.

"अगं, एकच तर दोरा आहे तिला."

"एकच आहे, कारण तिच्याकडे कोणी बघितलंच नाही."

सर हसले. टाचणी डबीत गेली.

समितीला मधली, दोऱ्यांनी गच्च भरलेली टाचणी फार आवडली. जिच्यावर आधीच जगभर काम चालले होते, तिच्यावरच आणखी काम मंजूर झाले. असतील शिते तर जमतील भुते. डबीतल्या टाचण्यांचे काम बंद पडले.

राजरत्न आधी जिना चढेनासा झाला, मग अंथरुणातून उठेनासा. गेल्या वर्षी तो गेला. दुसरा दोरा सापडला असता तर तो वाचला असता, असे मी म्हणणार नाही. पण कुणी शोधलाच नाही, याचा मला राग आहे.

परवा मृणाल आली. विनीत सर कँटीनच्या दारात चहा पीत होते. डबीतली ती टाचणी तिने जपून ठेवली होती; ती तिने माझ्यावरच्या तिच्या जुन्या भोकात खोचली.

"दुसरा दोरा सापडला, सर. परदेशात," ती म्हणाली. "तुमच्या त्या मधल्या टाचणीलाच जाऊन मिळतो."

सरांनी कप खाली ठेवला.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणत नाही. फक्त पाहुण्यांसाठी आवरताना कोपऱ्यातल्या टाचणीला हात लावू नका. तिच्या मागे कुणाचा तरी भाऊ असतो. मृणालने खोचलेली टाचणी अजून आहे. कँटीनवाल्या धनेशने उसळपावची चिठ्ठी तिलाच अडकवली आहे.