आधी माझ्या हातावर

साहेब, जुना झालो म्हणून पुण्यातल्या दवाखान्यानं मला विकलं. टेम्पोत घालून आळेफाट्याला आणलं आणि खताच्या दुकानावरच्या पार्लरमध्ये उभं केलं. पार्लरचा परवाना तुम्ही तपासलात. आग विझवायचा लाल सिलिंडर कुठे टांगलाय, तेही बघितलंत. माझ्यातून निघणारी आग कुणाच्या हातात जातेय, एवढं मात्र विचारलं नाहीत. हा गुन्हा तुमचा आहे.

मित्रांनो, मी एक जुना लेझर आहे. केस काढणारा. माझ्याकडे ब्लेड नाही, मेण नाही, दोरा नाही. फक्त उजेड. तो कातडीतून आत शिरतो, केसाचा काळा रंग शोधतो आणि मूळ भाजून काढतो. पापणी लवायच्या आत! इतकी वर्षं झाली, मला स्वतःचंच अजून नवल वाटतं. पण हा उजेड खुळा आहे. त्याला काळं तेवढं कळतं. केस असो की उन्हात रापलेली कातडी, तो काळ्याच्या मागे लागतो. पांढरा केस त्याला दिसतच नाही.

पुण्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्या आधी अर्धा तास नुसत्या बोलायच्या. उन्हात काम करता का, पाळी वेळेवर येते का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. मग कातडीच्या एका कोपऱ्यात उजेडाचा एकच ठिपका मारायच्या आणि भाजतंय का ते बघायला सांगून घरी पाठवायच्या. "सहा-आठ वेळा यावं लागेल, तरी थोडे परत येतील," असं तोंडावर सांगायच्या. काही जण उठून जायचे. बाई जाऊ द्यायच्या.

मला चालवायचं पुस्तक आणि कातडीच्या रंगांचा तक्ता टेम्पोतच राहिला. इथल्या मोहिनीताईंनी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले, झालं शिक्षण. त्या वाईट नाहीत. केस कापण्यात त्यांचा हात धरणारं फाट्यावर कुणी नाही. पण मला कसं चालवायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही.

परवा लोणीहून हर्षाली आली. बावीस वर्षांची, हनुवटीवर राठ केस, तोंडाला स्कार्फ. जवळच्या मंचरला कुणी ओळखीचं भेटेल म्हणून एवढ्या लांब आलेली. साखरपुडा तीन आठवड्यांवर. सोबत आत्या, कुशाबाई. पोरीच्या हनुवटीवर गोंदणाचा एक ठिपकाही होता. लहानपणी जत्रेत आत्यानंच गोंदवलेला.

"एका बैठकीत जाईल ना?"

"एकदम गुळगुळीत," म्हणत मोहिनीताईंनी हनुवटीला जेल फासलं.

मी आतून ओरडत होतो. तो ठिपका, मित्रांनो! गोंदण म्हणजे कातडीत पुरलेली शाई. माझा उजेड तिच्यावर केसासारखाच तुटून पडतो. पण मला तोंड कुठंय?

कुशाबाई पुढे झाल्या. "थांबा बाई. भाजतं का ह्ये?"

"मुंगी चावल्यागत वाटतं मावशी, बास."

"मग आदी माझ्या हातावर मारा."

"तुमच्या हातावर केस कुठंयत?" मोहिनीताई हसल्या.

"केसाचं ऱ्हाऊ द्या. पन्नास वर्सं भाकऱ्या थापतीय, चटका कुठला आन् मुंगी कुठली, मला कळतं. हितं मारा, तुळशीवर. पोरीला बी गोंदान हाय न्हवं?"

"आत्या, लाज आणतीस तू."

"आणती. गप बस."

कुशाबाईंनी हात पुढे केला. मनगटाच्या वर गोंदलेली तुळस. मोहिनीताईंनी बटण दाबलं. चट्ट! कुशाबाईंनी हात हलवला नाही. तुळशीचं एक पान पांढरं पडलं, मग लाल झालं आणि बघता बघता त्यावर वाटाण्याएवढा फोड आला.

मी हजारो माणसांवर चाललोय. एवढी मोठी बाई बघितली नाही. डॉक्टरीणबाई आधी जो ठिपका मारून बघायच्या, तोच तिनं एका वाक्यात मागितला आणि उत्तर स्वतःच्या कातडीवर घेतलं.

मोहिनीताईंनी कुशाबाईंचा हात नळाखाली धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मावशी, मला ठाऊकच नव्हतं हो."

"तुमाला कुनी सांगितलं न्हाई. आमाला बी न्हाई," कुशाबाई म्हणाल्या.

हर्षालीनं हनुवटीवरचं जेल पुसलं. "मग माझं काय? हे केस येतात कशानं? ठिपका सोडून बाकीचं लेझरनं चालेल का, का आधी औषध घ्यायचं? कुणी सांगणार हाय का न्हाई?"

मित्रांनो, माझ्याखाली तोंड देण्याआधी चालवणाऱ्याला विचारा, तुला शिकवलं कुणी? दोऱ्यानं केस उपटून येऊ नका. मूळच नसेल तर मी काय भाजू? आणि गोंदण असेल तर ते आधी दाखवा.

आणि साहेब, तुम्ही. हर्षाली स्कार्फ बांधून जिना उतरली. हनुवटी शाबूत आहे, ती तुमच्यामुळे नाही. तिच्या प्रश्नांना अजून उत्तर नाही. तिनं कुणाकडे जायचं? नाव सांगा, पत्ता सांगा. मला नको, तिला सांगा. कधी सांगताय?