काही कमी केलं नाही

"चष्मा काढा, काका, आणि डोळा भिंगाजवळ न्या," डॉक्टर अंजली सबनीस म्हणाली.

हणमंतरावांनी चष्मा काढून मुठीत धरला आणि ते मायक्रोस्कोपवर वाकले. बराच वेळ हलले नाहीत.

"दिसलं?"

"काड्या दिसतात, डॉक्टरअम्मा. काळ्या. हलतात पण स्वल्प."

"त्या तुमच्या पापण्या आहेत. थोडं मागे या."

रिपोर्ट न्यायला आलेल्या माणसाला मायक्रोस्कोपशी बसवायची त्या हॉस्पिटलात पद्धत नव्हती. पण हणमंतराव सकाळपासून बाहेरच्या बाकावर ठाण मांडून होते आणि रिपोर्ट हातात मिळाला तरी उठेनात. शिपाई कन्नडमध्ये समजावून थकला, तेव्हा अंजली स्वतः बाहेर आली. दारावरचं तिचं आडनाव त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं, त्यामुळे ते थेट मराठीतच सुरू झाले. ते बोलताहेत ती मराठी आहे हे कळायला अंजलीला जरा वेळ लागला. पुण्याहून बंगलोरला येऊन तिला वर्ष झालं होतं, आणि या शहरात मराठी म्हणजे रविवारी आईला केलेला फोन, एवढंच तिला माहीत होतं. समोरचे गृहस्थ मात्र आपले पूर्वज इथं घोड्यावरून आल्याचं सांगत होते आणि त्याच दमात "एकदा बघू द्या, सरी म्हणा, हो म्हणा" असं विनवत होते. तिला हसू आलं, आणि हसू आलं की नाही म्हणता येत नाही.

हणमंतरावांचा हट्ट त्यांचा स्वतःचा नव्हता. मेव्हणीनं तशी अट घातली होती.

मेव्हणी म्हणजे अंबुजा. आनेकलच्या शाळेत शिकवायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून ती बसवनगुडीला हणमंतरावांच्या घरी होती. सर्जननं सांगितलं होतं, काढलेल्या गाठीची एक नवी तपासणी करू. गाठीनं रंग घेतला तर रोज एक गोळी, पाच वर्षं. गोळीची चिठ्ठीही त्यांनी आधीच लिहून दिली होती. अंबुजानं डॉक्टरांपुढे मान डोलावली आणि घरी येऊन जाहीर केलं की आता पुढं काही नाही.

"अक्काला सगळं दिलं," ती म्हणाली होती. "ऑपरेशन दिलं, सलाईनमधली औषधं दिली, किरणांचा करंट दिला. केस गेले, तोंडाची चव गेली, मग ती पण गेली. मला उगीच ते नको."

अक्का म्हणजे हणमंतरावांची बायको कौशल्या. सहा वर्षांपूर्वी ती याच आजारानं, याच हॉस्पिटलात गेली होती. त्यामुळे अंबुजाला समजावायला हणमंतरावांकडे फारसं काही नव्हतं. ते रोज समजावत आणि रोज हरत. शेवटी काल ती वैतागली. "कागदावर काय, कुणी पण लिहितंय, भावोजी. तुम्ही डोळ्यांनी बघून या, मग बघू." त्यांना गप्प करायला ती तसं म्हणाली होती. हणमंतराव सरळ माणूस, त्यांनी ते खरं धरलं.

"आता निळं दिसतं," ते भिंगावरून म्हणाले. "निळ्यात तपकिरी ठिपके. पुष्कळ."

"तपकिरी म्हणजे रंग आला. त्या पेशी शरीरातल्या एका हार्मोनवर वाढतात. अशा पेशी अंगात कुठे उरल्या असतील, तर ही गोळी तो हार्मोन त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही. गाठीची पेशी उपाशी मरते म्हणा ना."

"आणि निळ्या?"

"निळ्यांना त्या हार्मोनशी देणंघेणं नाही, म्हणून गोळीशीही नाही. तुमच्या मेव्हणीच्या तपकिरी जास्त आहेत. चांगलं आहे हे."

हणमंतरावांनी मान वर केली. जी गाठ कापून काढली, जिच्यापायी घर महिनाभर नीट जेवलं नव्हतं, तिच्यात चांगलं काय असणार? डॉक्टरीणबाईंचं काही चुकत तर नाही ना, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. चांगली गाठ, ते मनाशी म्हणाले. हे घरी कोणत्या तोंडानं सांगायचं?

अंजलीनं काच काढून उजेडात धरली, तेव्हा त्यांना दिसलं की काचेवर एक नाही, दोन तुकडे होते. नखाएवढे, कागदाहून पातळ.

"हे दोन कशाला? अंबूची गाठ एकच होती."

"दुसरा तिचा नाही. तो कंट्रोल. म्हणजे कसं, आमचं रंगाचं औषधच खराब निघालं, तर कुठल्याच गाठीला रंग येणार नाही. आणि आम्ही मात्र म्हणू, हिला गोळी लागू नाही. म्हणून रंग हमखास घेणारा, आधी पारखलेला एक तुकडा प्रत्येकीच्या शेजारी ठेवायचा. त्याला रंग आला तरच त्या दिवशीचं काम खरं. नाही आला तर सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून."

हे हणमंतरावांना पटलं. टेलिफोनच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी तपासणीच्या टेबलावर काढली होती. तिथंही एक पारखलेला फोन कायम बाजूला असे, आणि नव्या फोनचा आवाज त्याच्याशी जुळवून बघत. सकाळपासून नीट समजलेली ही पहिलीच गोष्ट होती.

"सरी, सरी. आणि हा कुणाचा तुकडा?"

अंजली काच पुसू लागली. काच स्वच्छच होती.

"काका, सांगावं की नाही, हे मला दोन दिवस कळत नव्हतं. आता तुम्हीच विचारलंत." ती खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. "अंबुजाबाईंच्या केसपेपरवर होतं की सख्ख्या बहिणीला हाच आजार, ऑपरेशन इथेच. म्हटलं दोघींच्या गाठी शेजारी ठेवून बघू. जुने तुकडे आम्ही मेणात घालून जपून ठेवतो. पण बहिणीचा तुकडा कपाटात नव्हता. तो इथे, या टेबलावर होता. मी यायच्या आधी, ही तपासणी नवीन आली तेव्हा, इथल्या लोकांनी काही जुन्या तुकड्यांवर ती करून पाहिली होती. सगळ्यांत सुंदर रंग एकीला आला, म्हणून तीच कंट्रोल ठरली. आम्ही नंबर बघतो, काका. नाव कुणी बघितलंच नव्हतं."

"काय नाव?"

"कौशल्याबाई."

हणमंतरावांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. श्रीरंगपट्टणला कावेरीत त्यांनी स्वतःच्या हातानं अस्थी सोडल्या होत्या. वळून पाहू नका, गुरुजी म्हणाले होते, आता मागं काही उरलं नाही. ते वळले नव्हते. दरवर्षी न चुकता श्राद्धही करत होते.

"म्हणजे ती इथं आहे अजून?"

"थोडीशी," अंजली म्हणाली.

तिनं खणातून पिवळट मेणाचा एक चौकोन काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. मधोमध करडा ठिपका होता आणि चकत्या काढून काढून मेण तिथं खोल गेलं होतं. "संपत आलाय. तुम्हाला न्यायचा असेल तर न्या. मी दुसरा शोधीन."

हाताला वजन असं लागतच नव्हतं. गल्लीतल्या बायका पापडाचं पीठ भिजवलं की वाटीत चिमूटभर घेऊन कौशल्याकडे येत. तिनं चाखून मान हलवल्याशिवाय कुणी लाटायला बसत नसे, आणि तिलाही त्याचा जरा तोरा होता. हणमंतरावांना ते आठवलं आणि भलत्याच ठिकाणी हसू आलं. मग हसल्याची लाज वाटली.

"इथं सगळ्या बायकांच्या शेजारी हीच असते म्हणता?"

"सगळ्यांच्या."

"मग राहू दे. कामात आहे ती."

त्यांनी मेण परत दिलं, रिपोर्टची घडी खिशात घातली आणि दारापर्यंत गेले. तिथं थांबले.

"डॉक्टरअम्मा, सगळ्यांत सुंदर रंग हिला आला म्हणालात."

"हो."

"रंग आला म्हणजे गोळी लागू."

अंजलीनं मेणाचा चौकोन खणात परत ठेवला.

"तिला ही गोळी कुणी दिली नव्हती."

"तेव्हा ही तपासणी इथे होत नव्हती, काका. आणि त्यांचं वयही कमी होतं. त्या वयाच्या बायकांना तेव्हा ती फारशी देत नसत."

"दिली असती तर?"

"सांगता येत नाही. खरंच नाही येत. रंग आलेल्यांतल्याही काही जातात."

"आणि काही वाचतात."

"हो," ती म्हणाली. "पुष्कळ वाचतात."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तरी हणमंतरावांना बाहेरचं काही दिसलं नाही. कौशल्या गेली तेव्हा आनेकलपासून यशवंतपूरपर्यंतचे सगळे सोयरे घरी येऊन एकच वाक्य बोलून गेले होते, काही कमी केलं नाहीत तुम्ही. त्या वाक्याच्या आधारानं ते सहा वर्षं जेवले, झोपले, सणवार केले. आता ते वाक्य खोटं झालं होतं, आणि ते खोटं कुणी केलं हे काही केल्या सापडत नव्हतं. तेव्हाच्या डॉक्टरांवर रागवावं, तर त्यांना ठाऊक नव्हतं. स्वतःवर रागवावं, तर ज्याचं नावही ऐकलं नाही ते मागायचं कसं? कुणाची चूक असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. शिवाय त्या मेणाचा जिवाला आनंद होत होता, तो निराळाच. या गोंधळात ते एक स्टॉप पुढं गेले आणि गांधी बझारच्या गर्दीतून चालत मागं आले. वाटेत सर्जनची चिठ्ठी दाखवून त्यांनी गोळ्यांची पट्टी घेतली.

अंबुजा पडवीत परात घेऊन भिजवलेल्या अवऱ्याचे, म्हणजे पावट्याचे, दाणे सोलत बसली होती. ऑपरेशनच्या बाजूचा हात अजून नीट उचलत नव्हता, म्हणून एकाच हातानं दाणा चिमटीत दाबत होती. साल बोटात राही आणि दाणा उडून परातीत पडे.

"बघितलंत?" तिनं मान वर न करता विचारलं.

"बघितलं. तपकिरी आहे. डॉक्टरीण म्हणाली, चांगली गाठ आहे."

"चांगली गाठ!" अंबुजा हसली. "बरं झालं. शेजारीपाजारी सांगते आता."

हणमंतराव पायरीवर बसले आणि त्यांनी दुसऱ्या तुकड्याचं सांगितलं. आधीचं नंतर आणि नंतरचं आधी, असं सांगितलं. मध्येच कारखान्यातला फोन आला, कावेरी आली. पण अंबुजा शाळामास्तरीण, तिला बरोबर कळलं. तिचा हात परातीत थांबला.

"म्हणजे माझं अक्कानं बघितलं?"

"तसंच म्हणायचं. तिला रंग आला म्हणून तुझा खरा."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. हणमंतरावांना वाटलं, झालं, जिंकलो. पण ती पुन्हा दाणे सोलू लागली.

"म्हणून काय झालं, भावोजी? ती गेलीच की. सगळं दिलं तरी गेली." मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही काही कमी केलं नाही."

पट्टी हणमंतरावांच्या खिशात होती, आणि हात पट्टीवर. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. सहा वर्षं तेच तर म्हणत आले होते.

"केलं," ते म्हणाले.

"काय?"

"कमी केलं, अंबू. सगळं नाही दिलं तिला. ही गोळी दिली नाही." त्यांनी पट्टी काढून परातीच्या काठाशी ठेवली. "बाकीचं सगळं दिलं, आणि तिला जी लागू पडली असती तीच राहिली. कुणाला ठाऊकच नव्हतं. पण दिली नाही. दिली असती तर कदाचित..."

कौशल्या गेली तेव्हा आलेल्या माणसांचं चहापाणी बघण्यात त्यांचं रडायचं राहून गेलं होतं. आता ते पायरीवर बसून, शर्टाच्या बाहीला नाक पुसत, सगळ्या गल्लीला दिसेल असे रडले.

अंबुजानं त्यांना रडू दिलं. मग तिनं पदराला हात पुसले, पट्टी उचलली आणि उलटी-सुलटी करून बघितली.

"जेवायच्या आधी घ्यायची का नंतर?"

हणमंतराव इतकं सगळं विचारून आले होते, आणि हे विचारलंच नव्हतं.

"ते... विचारलं नाही."

"मग विचारा."

जन्मभर टेलिफोन तपासलेल्या या माणसाला टेलिफोनवर बोलायचं मात्र मनापासून जिवावर येई. त्यांनी तोंड धुतलं, रिपोर्टवरचा हॉस्पिटलचा नंबर एकदा वाचून घेतला आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाले. फाटकापाशी पोचतात तोच मागून अंबुजाची हाक आली.

"आणि भावोजी, एखाद्या दिवशी राहून गेली तर काय करायचं, ते पण विचारून ठेवा."