खांद्यावरचे टाके

मी दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलेला पिवळा रेनकोट बोलतोय. जवळ आलात तरी चालेल, पण माझे खांदे चाचपून बघू नका. येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच करतो आणि वर "अरेरे, किती ही भोकं" म्हणतो. माझी भोकं मला माहीत आहेत.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे ना सुई होती, ना दोरा. लेप दिलेलं कापड कापायचं, कडेवर कड ठेवायची आणि तापलेल्या पट्टीखाली दाबायची, की दोन्ही कडा एकजीव. माझ्या अंगावर एकही टाका नव्हता आणि त्याचा मला भारी तोरा होता. बगलेत आणि पाठीवरच्या झडपेखाली बारीक जाळीच्या खिडक्या तेवढ्या ठेवल्या होत्या. त्या कशासाठी, हे आमच्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नाही, हे मला पुढे कळलं.

दुकानात मला घ्यायला बाप-लेक आले. लेक म्हणजे ताई. तिचं नाव वेगळं असणार, पण ती ज्यांच्या घरी जाते ते सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये ती कामाला आहे. सकाळी सायकलवरून घरोघरी जायचं, आजारी-म्हाताऱ्या माणसांचं रक्त काढायचं, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि तो डबा कॅरिअरला बांधून लॅबमध्ये पोचवायचा. बाप म्हणजे मास्तर, आयुष्यभर शिंपीकाम केलेले. दोघंही सुईवर जगणारी माणसं, फक्त सुया वेगळ्या.

आदल्या वर्षी ओल्या कपड्यांत सायकल मारून मारून ताईला न्यूमोनिया झाला होता. हॉस्पिटलात पडून राहावं लागलं. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "हिला पुन्हा असं भिजू देऊ नका. ही छाती आता दुसरा तडाखा सोसायची नाही." ऐकायला मास्तर एकटेच होते, ताईची आई कधीच गेली होती. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मास्तरांचा जीव खालीवर व्हायचा.

दुकानात मास्तरांनी मला उलटं केलं, कडांवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, हा शिवलेलाच नाहीये."

"शिवत नाहीत काका. चिकटवतात," दुकानदार म्हणाला.

"चिकटवलेलं ते काय कापड? उद्या सुटलं म्हणजे?"

"बाबा, मला पावसात घालायचाय, मिरवायला नाही," ताई हसत म्हणाली आणि तिने मला काखेत मारलं. मास्तर घरी येईपर्यंत माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू काही लेकीने परस्पर लग्न ठरवून मलाच घरी आणलंय.

पायी चालणाऱ्याचा रेनकोट होणं सोपं असतं. सायकलवाल्याच्या रेनकोटाचे हाल कुत्रा खात नाही. पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. टोपी मानेबरोबर वळत नाही, बाजूने जाणारी गाडी चिखलाचं पाणी थेट कमरेवर मारते आणि गुडघे तर आमच्या हद्दीतच येत नाहीत. ताईने त्यावर स्वतःचे उपाय काढले होते. माझा पुढचा घेर ती हँडलवर पसरून ठेवायची, म्हणजे मांड्यांवर छप्पर व्हायचं. मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून मग बूट घालायची. टोपीखाली कडक छज्ज्याची कॅप असायची, म्हणजे डोळ्यांत पाणी येत नसे. मागच्या डब्याला गार राहायचं होतं, पुढच्या बाईला ऊब हवी होती, आणि मी दोघांच्या मधे फडफडत असायचो. ते दिवस माझे बरे गेले. थेंब माझ्या पाठीवर आपटायचे आणि घरंगळून जायचे. एकही आत गेला नाही, हे मी छातीठोक सांगतो.

तरीही ताई घरी ओली यायची.

लॅबच्या वाटेवर एक मोठा पूल आहे. तो चढताना ताई सीटवरून उठून सगळा जोर पेडलवर द्यायची. बर्फ वितळायच्या आत नळ्या पोचवायच्या असायच्या. त्या चढावर तिच्या अंगातून वाफ निघायची. जाळीच्या खिडक्यांतून मी जमेल तेवढी बाहेर सोडायचो, उरलेली पाठीवर घाम होऊन बसायची. घरी आल्यावर मास्तर आधी तिच्या पाठीवर हात ठेवायचे.

"ओलीच आहेस की. गळतोय हा."

"घाम आहे बाबा."

"एवढा घाम? आणि पावसात?" मग ते मला उलटं करायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून बोटांनीच बघायचे. बगलेतली जाळी हाताला लागली तेव्हा ते थबकले. "ही बघ. सरळ भोकं ठेवलीत मेल्यांनी. रेनकोटाला भोकं!"

"हवेसाठी असतात ती."

"हवा येते तिथून पाणी येत नाही?"

ताई दमलेली होती. वाद घालायचं त्राण नसलेली माणसं "बरं, बघू" म्हणतात. ती तसं म्हणाली आणि मास्तरांनी ते होकारात धरलं.

मोतीबिंदूमुळे गिऱ्हाइकं तुटल्यापासून मास्तरांची मशीन चादरीखाली झाकलेली होती. ताईच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी ती झोपलेली असताना, त्यांनी चादर काढली. मशीनला तेल दिलं, जाड कापडाची सुई लावली. लेपाचं कापड मशीनवर सरकत नाही, चिकटतं. त्यांनी माझ्याखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या घातल्या, म्हणजे मी सरकेन आणि शिवून झाल्यावर कागद फाडून काढता येईल. नजर अंधुक असूनही टाका सुतात जात होता. आधी बगलेच्या खिडक्या बंद केल्या, मग पाठीवरची झडप. मग "चिकटवलेलं सुटायला नको" म्हणून दोन्ही खांद्यांवरून आणि पाठीच्या मधल्या जोडावरून दुहेरी शिलाई मारली.

मला किती लागलं ते जाऊ द्या. सांगायचं आहे ते वेगळंच. मास्तर शिवताना गुणगुणत होते. त्या घरात आल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. सुती कापडात सुई गेली तर धागे पुन्हा जवळ येतात. माझ्या अंगात गेली की ते भोक कायमचं. पन्नासेक वर्षं सुई चालवलेल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी जन्मात रेनकोट शिवलेला नव्हता. आणि मला तोंड नव्हतं.

ताई उठली तेव्हा मास्तर मला दोन्ही हातांत धरून उभे होते. "घे. आता पाणी आलं तर माझ्या नावाने ओरड."

ताईने टाके पाहिले. तिला तेव्हाच काहीतरी खटकलं असावं, पण तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय सुरेख शिलाई आहे, बाबा."

दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. पुलापर्यंत जाईतो खांद्यांवरच्या टाक्यांतून पाणी आत आलं. चढावर वाफ निघाली, तिला जायला वाट नव्हती. बाहेरचं पाणी आत येत होतं आणि आतलं बाहेर जात नव्हतं. लॅबमध्ये पोचली तेव्हा ताईच्या कुडत्याला पिळून पाणी काढता आलं असतं. उतारावर वारा लागला तशी ती कुडकुडली आणि मी तिच्या पाठीला गार फडक्यासारखा चिकटून राहिलो. एवढी लाज मला कधी वाटली नाही.

घरी हे सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. कोरड्या कुडत्याची पिशवी डब्याबरोबर बांधायला लागली. परतल्यावर जिन्याखाली मीटरची खोली आहे, तिथे दार लोटून ओला कुडता काढायची, कोरडा घालायची, केस टॉवेलने खसाखसा पुसायची आणि मग वर जायची. मास्तर पाठीवर हात ठेवायचे.

"कोरडी! बघ, म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतं बाबा."

मास्तरांचा चेहरा असा खुलायचा, की मला खिळ्यावर टांगल्या जागी गुदमरायला व्हायचं. दुसरा रेनकोट आणला असता तर त्यांना कळलंच असतं. म्हणून ती मलाच घालत राहिली. आतून पोटाशी प्लॅस्टिकची पिशवी, पाठीला वर्तमानपत्राची घडी. कागद पूल येईपर्यंत टिकायचा, पुढे लगदा. मग खोकला सुरू झाला. तोही ती जिन्याखाली उरकून यायची.

एका घरी एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना ताई आजी म्हणते. आजींच्या शिरा नाजूक, पण ताईने कधी दुसऱ्यांदा टोचलं नव्हतं. त्या भागात तिची तीच ख्याती होती. त्या दिवशी पहिल्यांदा सुई चुकली. दुसऱ्यांदाही चुकली.

"हात दे इकडे," आजी म्हणाल्या. "अगं, बर्फ झालीत बोटं! केव्हापासून भिजतेयस?"

"सॉरी आजी. जरा चोळते, मग होईल."

"माझं रक्त उद्या घे. आधी तो रेनकोट बदल."

"बदलते," ताई म्हणाली. मी दाराबाहेर निथळत होतो. मला सगळं ऐकू आलं.

त्याच आठवड्यात ती पुलावर मधेच उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली. श्वास पुरत नव्हता. कशीबशी डबा पोचवून आली आणि त्या दिवशी जिन्याखाली कपडे बदलायचंही तिला सुचलं नाही. अंगात फणफणून ताप. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला, पण चटका एवढा होता की ओलीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. डॉक्टर येऊन तपासून गेले. न्यूमोनिया पुन्हा. औषधं लगेच सुरू करायची आणि रात्रीपर्यंत उतार नाही पडला तर हॉस्पिटल.

बाहेर धो-धो पाऊस. औषधाचं दुकान पुलापलीकडे. शेजारीण ताईपाशी बसली आणि मास्तरांनी मला खिळ्यावरून काढून अंगात घातलं. अंधुक डोळ्यांनी, कुरकुरत्या गुडघ्यांनी, लेकीची सायकल घेऊन ते निघाले. जीव मुठीत धरून मी त्यांच्या खांद्यांवर होतो. पडले असते तर आम्हा दोघांनाही उचलायला कुणी नव्हतं.

पूल यायच्या आतच त्यांना कळलं. आधी उजव्या खांद्यावर एक गार रेघ उमटली, मग डाव्या, मग पाठीच्या मधोमध. कुठून कुठवर शिलाई मारली हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पाणी नेमकं त्याच रेघांनी उतरत होतं. ते एका बंद दुकानाच्या छपराखाली थांबले, मला अंगातून काढून उलटं केलं आणि अंगठा फिरवला. प्रत्येक टाक्यावर एक थेंब. ते दोनदा फिरवून बघत राहिले. मग बगलेपाशी शिवून टाकलेली खिडकी चाचपली, तिथे घाम साचला होता. त्यांचाच घाम.

मास्तर रडले का, ते मला सांगता येणार नाही. सगळंच ओलं होतं. त्यांनी मला पुन्हा घातलं, औषधं घेतली, बनियनच्या आत छातीशी धरली आणि परत आले. गोळ्यांचं पाकीट कोरडं राहिलं. बाकी काहीच नाही.

ताई जागी होती. शेजारीण गेल्यावर मास्तर खाटेच्या कडेला टेकले.

"कधीपासून गळतोय हा?"

ताईने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"मी विचारतोय."

"शिवलात तेव्हापासून."

"आणि रोज कोरडी कशी यायचीस?"

"खाली बदलायचे."

"मला सांगायचं नाही?"

"किती खुश होतात तुम्ही, बाबा."

"मी खुश राहावं म्हणून तू मरणार होतीस?" त्यांचा आवाज चिरकला. मग त्यांनी गोळी काढली, पाणी दिलं, आणि ताईने ती गिळेपर्यंत तिचं डोकं हातावर धरून ठेवलं. त्यावर त्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

हॉस्पिटलची पाळी आली नाही, थोडक्यात निभावलं. पण तो खोकला काही पुरता गेलेला नाही. जिना चढून आली की ताई अजून दारात क्षणभर थांबते, आणि मास्तरांचा हात तोवर हवेतच असतो.

मास्तरांनी माझे टाके एकेक करून उसवले. भोकं तशीच राहिली. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने खांद्यांवर ट्यूबचं सोल्युशन फासून दिलं, त्यातलं थोडं टिकलं, थोडं सुटलं. ताईसाठी नवा रेनकोट आला. तो माझ्या शेजारच्या खिळ्यावर असतो, निळा, बिनटाक्याचा, जरा शिष्टच. मास्तर त्याला फक्त एका गोष्टीसाठी हात लावतात. ताई निघायच्या आधी बगलेच्या खिडक्या उघड्या आहेत ना, एवढं बोटांनी बघतात. आणि ती आली की पाठीवर हात ठेवायच्या आधी विचारतात, "आज कुठलं पाणी? बाहेरचं का आतलं?" ताई आता खरं सांगते.

तुमच्याही घरी कुणी ओलं होऊन आलं, तर आधी एवढंच विचारा. सुई मग घ्या.

मला टाकून द्यायचं ताईच्या मनात होतं. "तुम्हालाही नवा आणते बाबा," ती म्हणाली. मास्तरांनी ऐकलं नाही. पाऊस वाढला की ते मलाच घालतात आणि पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात, ताईची सायकल उतारावर दिसेपर्यंत. डोळ्यांना दिसत नाही, घंटीवरून ओळखतात. माझ्या खांद्यांतून पाणी झिरपतं, त्यांच्याच शिलाईच्या रेघांनी, आणि ते बाजूच्या छपराखाली सरकतसुद्धा नाहीत. मला ते बघवत नाही, पण माझं ऐकतो कोण.

आजही सकाळपासून झड लागली आहे. ताई निघून बराच वेळ झाला. आता मास्तर उठलेत, भिंतीला धरत धरत इकडे येताहेत. बाहीत त्यांचा हात आला, मला निघायला हवं. आज जमेल तेवढं कमी गळायचं, एवढंच माझ्या हातात आहे.